मोटार कुणी भरली

सोनई
२२ ऑगस्ट १९७१

सोपान,

आण्णांच्या नावानं टाकलेलं तुझं पत्र पोचलं. आण्णांना वाचता येत नाही, तेव्हा नेहमीप्रमाणे मीच वाचून दाखवलं. 'यातलं आक्काला काही सांगू नका' हे वाक्यही मीच वाचलं. आण्णा दाराबाहेर बघत होते. मी पुढं वाचत गेले.

तू पिंपरीच्या कारखान्यात पर्मनंट झालास, म्हणून सोनईतलं मोटार वायंडिंगचं दुकान बंद करावं, कॉइल गुंडाळायचं मशीन नगरला कुणाला तरी देऊन टाकावं, असं तुझं म्हणणं. पर्मनंटचे पेढे आण्णांनी पारावर वाटले. दुकान जोरात चाललं होतं तेव्हा तुला कुणी मुलगी दाखवली नव्हती. 'काळ्या हाताच्या मिस्तरीला कोन देनार' म्हणायचे. त्याच लोकांनी पेढा खाता खाता दोन स्थळं सुचवली. कारखान्यात हात काळे होत नसतील.

दुकान मी बंद केलेलं नाही. का, ते सांगते.

गेल्या साली वैशाखात तू पहाटेच्या गाडीनं गेलास, तेव्हा मला बोलला नव्हतास. आण्णांना माहीत होतं. मी दुकान उघडलं तर विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी पोट उघडं टाकून पडलेल्या. जळकी तार उपसलेली, नवी भरायची राहिलेली. बाहेर त्यांचे मालक उभे. विहिरीत पाणी आहे आणि वर जनावरांचा घास वाळतोय, अशा माणसाला 'मिस्तरी नोकरीला लागला' हे सांगायचं कसं?

मोटार भरायला मला कुणी शिकवलं, ते तू गावात कधी बोलला नाहीस. यजमान गेल्यावर मी माहेरी आले, त्या वर्षी तूच म्हणालास, 'आक्का, तुझी बोटं बारीक, खाचेत तार नीट बसवशील.' तेव्हापासून दुकानात पडद्याच्या पुढं तू आणि मागं मी. म्हणून राहिलेल्या मोटारी मी भरल्या. पडद्यापुढं मामाचा राधाकृष्ण आणून बसवला. त्याला नट खोलता येतात आणि बोलता छान येतं. लोकांना वाटतं तोच भरतो. अजून एकही मोटार परत आलेली नाही.

मला जे कळायला नको, ते यापुढं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची सोय कर.

भागिरथी

सोनई
१७ जानेवारी १९७२

सोपान,

आण्णांना आलेली तुझी पत्रं आता शाळेतले गुरुजी वाचतात. मला तू काही लिहीत नाहीस. तरी कळवते, कारण पाटीवर नाव तुझं आहे.

एक काम मी नवं केलं. तुला विचारून करायचं होतं, तू इथं असताना दोनदा विचारलंही. तू म्हणायचास, कंपनीनं भरली तशीच भरायची, आपण डोकं चालवायचं नाही. पण कंपनीनं ती मोटार कंपनीतल्या लाइटवर चालवून बघितली. घोडेगावच्या बाजूला लायनीच्या शेंड्याला, म्हणजे शेवटच्या खांबांना, ती लाइट पोचतच नाही. दिवा लावला तर नुसता लाल तांबडा होतो. त्या लाइटवर मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. आपण भरायची, त्यांनी जाळायची, पुन्हा आपण भरायची. तुझं दुकान त्याच्यावरच चालायचं, हे मला तू गेल्यावर कळलं.

मी तारेचे फेरे थोडे कमी केले आणि तार एका नंबरनं जाड घातली. अशी मोटार कमी लाइटवर निवांत चालते. तशी पहिली भरली. ती अजून चालू आहे. मग शेंड्याकडच्या सगळ्यांच्या तशाच भरल्या. घोडेगावची माणसं आता मुद्दाम इकडं येतात. 'राधाकिसनाच्या हाताला गुन हाय' म्हणतात. संक्रांतीला त्याच्यापुढं तिळगुळाचा ढीग पडला. त्यातला अर्धा त्यानं पडद्यामागं आणून दिला, एवढं त्याच्याकडून बरं आहे.

यात एक अडचण आहे. कुणाच्या विहिरीवर लाइटीचा जोर किती, हे बघूनच फेरे ठरवावे लागतात. पण मोटार बसवताना विहिरीवर नारळ फुटतो, सवाष्ण हळदकुंकू वाहते. तिथं मी जात नाही. कुणी 'तू नको' म्हणायची वेळच मी येऊ देत नाही. जोर बघायचा मीटर राधाकृष्णाकडे दिला आहे. तो गळ्यात अडकवून डॉक्टरासारखा सायकलवरून फिरतो. परत येऊन मला आकडा सांगतो.

आण्णा म्हणतात, बाईमाणसानं एवढी हुशारी बरी नव्हं. मी विचारलं, कुणी केली म्हणजे बरी? ते म्हणाले, आपल्यात कुनीच न्हाई. मोटेची चाकं त्यांच्या आज्यानं जशी घडवली, तशीच त्यांनी मोट बंद पडेपर्यंत घडवली. त्यात काही चुकलं असं त्यांना वाटत नाही.

भागिरथी

सोनई
१४ मे १९७२

सोपान,

गुरुजींकडून तुला बातमी गेलीच असेल. त्यांनी काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, म्हणून झालं ते मी लिहिते.

चिंचेच्या मळ्यातले कारभारी तुझे जुने गिऱ्हाईक. त्यांची मोटार मी भरली आणि ती रात्रीत जळली. सकाळी ती बैलगाडीत घालून ते दुकानापुढं आले. आवाज पार पेठेपर्यंत.

"राधाकिसन, मोटार भरलीस का चूल पेटवलीस रं?"

राधाकृष्ण म्हणाला, "लाइट कमीजास्ती झाली आसंल, मामा."

"लाइटीला काय धाड भरलीया? डीपी माज्या बांधावर हाय! तितं लाइट कमी व्हती कवा?"

मी पडद्यामागं होते. ऐकलं आणि काय झालं ते कळलं. राधाकृष्णानं मला कारभाऱ्यांचा आकडा शेंड्याचा सांगितला होता, म्हणजे लाइट अगदी कमी. मी त्या हिशोबानं भरली. पण त्यांची विहीर डीपीच्या खालीच. दिवसा सगळ्यांच्या मोटारी चालतात तेव्हा तिथंही लाइट दबते, म्हणून ती निभावली. रात्री बाकीच्या बंद झाल्या, पूर्ण लाइट आली आणि ती भडकली. राधाकृष्णानं मीटर लावलाच नव्हता. रस्त्यात कुणाकडे तरी चहाला थांबला आणि मनानं आकडा सांगितला. हे त्यानं मला नंतर सांगितलं. त्या वेळी त्यानं वेगळंच सांगितलं.

"म्या न्हाई भरली मामा," तो म्हणाला. "आक्कानं भरली. समद्या आक्काच भरती."

कारभाऱ्यांनी पडदा बाजूला केला. माझ्या हाताला व्हार्निश होतं. ते त्यांनी बघितलं.

"बाईनं भरली? आन तीबी आशी, कपाळ पांढरं झालेली? आन म्या येड्यानं नारळ फोडून बसवली व्हय हिरीवर!"

मी म्हणाले, "चूक झाली मामा. तुमच्या लाइटीचा जोर मला निराळा कळला. मोटार ठेवा, मी पुन्हा नीट भरून देते."

"हात लावू नगंस," एवढंच म्हणाले आणि गाडी वळवली.

दुपारपर्यंत दुकान रिकामं झालं. अर्ध्या भरलेल्या मोटारीही लोकांनी तशाच तारा लोंबत नेल्या. घोडेगावच्या एकानं तर कमाल केली. त्याची मोटार विहिरीवर छान चालू होती. ती त्यानं काढली, नगरला नेली, चांगली तार उपसून तिथल्या मिस्तरीकडून कंपनीसारखी भरून आणली. ती आता जळली आहे. तो लाइटीला शिव्या देतो. नगरच्या मिस्तरीला कुणी काही म्हणत नाही.

तुझ्या हातून जळायच्या, तेव्हाही लाइट वाईट असायची. माझ्या हातून एक जळली, तर बाई वाईट निघाली. मी हे रडून लिहीत नाही. माझी चूक कुठं आहे ते मला दिसतं. लाइट स्वतः बघितल्याशिवाय भरायला नको होती. पण ती बघायला मला विहिरीवर जाता येत नाही, आणि ज्यांच्यामुळे जाता येत नाही तेच विचारतात, बघितलं का नाहीस.

आण्णा तीन वेळा म्हणाले, 'आता तरी बंद कर.' दुकान मी रोज उघडते. झाडते आणि बसते.

भागिरथी

सोनई
३ सप्टेंबर १९७२

सोपान,

पाऊस नाही. पोळा तोंडावर आला, तोही नावालाच. घोडेगावच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं आहे, तिथं अर्धं गाव आहे. बायका जास्त आहेत. कुंकवाच्या, बिनकुंकवाच्या, सगळ्या शेजारी शेजारी बसून घण घालतात. खडी फोडणाऱ्या बाईची सावली कुणावर पडत नाही. तार गुंडाळणाऱ्या बाईची पडते.

मीही जावं असं आण्णा म्हणत होते. गेले असते, पण आदल्या दिवशी रतनबाई आल्या. शिंगणापूरच्या वाटेवर ज्यांचा मळा आहे, त्या. त्यांचे मालक वारल्यापासून शेत त्याच बघतात. मोटार डोक्यावर चुंबळ ठेवून दोघा गड्यांनी आळीपाळीनं आणली होती, त्या मागून चालत. दुकानात शिरून खाली बसल्या आणि म्हणाल्या,

"भागिरथे, माजी मोटार भर."

मी म्हणाले, "गावात काय बोलतात ते ऐकलं ना?"

"आइकलं. तू बी तसलीच, मी बी तसलीच. आता कुनाची सावली कुनावर पडायची? हिरीत हातभर पानी हाय, ते घासाला पायजे. नारळ फोडायचा तर मीच फोडीन, न्हाई तर न फोडता खाऊ दोघी."

मी अट घातली, की आधी मी विहिरीवर येणार, लाइट बघणार, मगच भरणार. त्या म्हणाल्या, "मग चल की, बसलीस काय?"

पेठेतून त्यांच्या मागं मीटर हातात घेऊन चालले. लोक बघत होते. ऊन फार होतं, चप्पल तुटकी होती, तेवढंच लक्षात राहिलं. विहिरीवर सकाळी, भर दुपारी आणि रात्री बाकीच्या मोटारी बंद झाल्यावर अशी तीनदा लाइट बघितली. मधल्या वेळात त्यांनी भाकरी वाढली. आजवर इतक्या मोटारी भरल्या, पण माझी मोटार पाणी कुठं टाकते ते मी कधी बघितलं नव्हतं.

या खेपेला फेरे दिवसरात्रीचा मध्य धरून ठेवले. ना कंपनीसारखे, ना माझ्या आधीसारखे. मोटार चालू आहे.

तुझ्यासाठी राहुरीचं स्थळ नक्की होत आलं, असं आण्णा म्हणाले. यंदा शेतवाल्याला कुणी विचारत नाही, नोकरीवाल्याला भाव आहे. बरं झालं.

भागिरथी

सोनई
१० डिसेंबर १९७२

सोपान,

तुझे होणारे सासरे घर बघायला येऊन गेले. तुला ते कळलंच असेल, पण सगळं कळलं असेल असं वाटत नाही.

तुझं पत्र आधी आलं होतं, की त्या दिवशी दुकान उघडू देऊ नका. आण्णांनी मला विनवलं. माझ्याकडे सहादेवांची मोटार होती. सहादेव मिलिटरीतून परत आलेले, बौद्धवाड्यातले. त्यांच्या वस्तीच्या विहिरीला सरकारनं मोटार दिली, ती जळली आणि बायका पिण्याच्या पाण्याला ओढ्यात झिरे खणत होत्या. ते मोटार घेऊन आले तेव्हा आण्णा दुकानातच होते. सहादेवांना म्हणाले, "भाइर थांबा." सहादेव म्हणाले, "मी बसायला न्हाई आलो बाबा, मोटार भरायला आलोय." मी त्यांना आत बोलावलं आणि स्टूल दिलं. ते स्टुलावर बसले नाहीत, पण आत आले. त्यांच्या वस्तीवर मी लाइट बघायला गेले तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. आजवर आपण त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही. त्यांनी मला येऊ दिलं.

ती मोटार राहुरीच्या पाहुण्यांसाठी एक दिवस थांबवायची, हे मला जमलं नाही. मी दुकान उघडलं.

पाहुणे एस.टी.तून उतरून पेठेतून येत होते. त्यांना पाटी दिसली. होणाऱ्या जावयाचं नाव बघून ते कौतुकानं आत आले. मागून आण्णा धावत आले. मी कॉइल गुंडाळत होते.

पाहुण्यांनी विचारलं, "ह्या कोन?"

आण्णा म्हणाले, "दुकान दुसऱ्याला चालवायला दिलंय. ही बाई शेजारची हाय."

मी मान वर केली नाही. फेरे मोजत होते, मोजणी चुकली असती, असं मी आण्णांना संध्याकाळी सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं असावं. जेवताना मात्र त्यांनी आपल्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली. असं त्यांनी मी लहान असतानाही कधी केलं नव्हतं.

पाहुण्यांनी तुझ्याबद्दल एवढंच विचारलं, की कारखाना बंद पडला तर काय, आणि पुढं फंड मिळतो का. तू काय काम करतोस, ते त्यांनी विचारलं नाही.

राधाकृष्ण दुकान सोडून गेला. तुझ्याकडे येतो म्हणाला. त्यालाही पर्मनंट व्हायचं आहे. लावता आलं तर लाव. मनानं वाईट नाही, फक्त मीटर लावत नाही.

भागिरथी

सोनई
४ मार्च १९७३

सोपान,

राधाकृष्ण परत आला. कारखान्यात भरती बंद आहे म्हणाला. पण तू त्याला गेटच्या आत नेऊन तुझं खातं दाखवलंस, हे चांगलं केलंस. तो अजून त्याच्यातच आहे.

दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "आक्का, ह्यो मोठा हॉल. आन हॉल भरून बाया! समद्या वायंडिंगला. एकसारख्या टेबलाशी, एकसारख्या निळ्या लुगड्यात. आन मधून आपला सोपान फिरतो, मुकादम हाय त्यो. 'ही कॉइल परत कर, ती सैल झाली', आसं सांगत. साहेब म्हनला म्हनं, बायांची बोटं बारीक, म्हनून ह्या कामाला बायाच घ्यायच्या."

मी विचारलं, "त्यातल्या कुणाचं कपाळ मोकळं होतं?"

तो विचार करून म्हणाला, "व्हत्या की. लई व्हत्या."

मी विचारलं, "मग त्यांनी भरलेल्या मोटारी विकल्या जातात ना?"

त्याला हसू आलं. म्हणाला, "आक्का, त्येच तर आपल्या हितं येत्यात. खोक्यात घालून, वर गनपतीचा शिक्का मारून. आपन त्यालाच कंपनीची मोटार म्हनतो."

ते मला आधी कळायला हवं होतं. जळलेल्या मोटारीतली जुनी तार मी इतक्यांदा उपसली. गुंडाळणी हलकी आणि एकसारखी असायची. मी समजायचे, मशीनवर झाली. कारभाऱ्यांनी नवी मोटार घेतली, तीही कुणा बाईनंच भरलेली असणार. त्यांनी नारळ फोडून बसवली आहे आणि ती चालू आहे. त्यांना हे सांगायला मी गेले नाही. सांगून काही होईल असं वाटत नाही. ती बाई त्यांना दिसलेली नाही, म्हणून ती नाहीच.

तू दिवसभर ज्यांच्यामधून फिरतोस, त्यांच्यासारखं काम बहीण करते हे राहुरीला कळू नये, म्हणून तू आण्णांना एवढी पत्रं लिहिलीस. मला राग आला असता तर बरं झालं असतं. विचारायचं ते एवढंच आहे. त्या बायकांनाही भाऊ असतील. त्यांची लग्नं झाली का?

भागिरथी

सोनई
९ जून १९७३

सोपान,

माझ्या नावानं आलेलं तुझं पहिलं पत्र लग्नाच्या आदल्या आठवड्यात मिळालं. त्या बायकांच्या भावांचं तू काही लिहिलं नाहीस. लिहिलंस, की आक्का, लग्नाला ये, मात्र हळद लागताना आणि अक्षता पडताना जरा आत थांब, त्यांच्याकडची माणसं जुन्या वळणाची आहेत.

मी आले नाही. आत थांबायचं तर आपल्या घरात थांबता येतं, त्याला राहुरीला कशाला यायचं? मला पुढं उभं करण्याची ताकद तुझ्यात नाही. गावात कुणाच्यातच नाही, म्हणून तुझ्या एकट्याचा राग धरला नाही.

तू रजा संपली म्हणून लगेच पिंपरीला गेलास आणि खोली मिळेपर्यंत नव्या नवरीला, कलाला, आमच्याकडे ठेवलंस. तिची खबर तुला द्यायला हवी.

पहिले काही दिवस ती घरातच असायची. स्वयंपाक करायची, आण्णांना पाणी द्यायची. मला 'वन्सं' म्हणायची आणि माझ्याकडे टक लावून बघायची. मग एका दुपारी माझा डबा घेऊन दुकानात आली. मी म्हटलं, ठेव आणि जा, उन्हाची थांबू नको. ती थांबली. म्हणाली, "वन्सं, तारेखाली ह्यो कागद कशाला घालता?"

मी सांगितलं, तारेचा आणि लोखंडाचा संबंध येऊ नये म्हणून. संबंध आला की शॉक बसतो.

"आन कागद फाटला तर?"

फाटू द्यायचा नाही, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन लवकर आली. तिसऱ्या दिवशी कात्री मागितली. मी दिली नाही. सोपान, मी तिला शिकवलं असं तू म्हणशील, म्हणून लिहिते, मी दिली नाही. म्हटलं, तुझ्या नवऱ्याला विचार. ती म्हणाली, "त्यांनी मला इचारलं व्हतं का, हितं ऱ्हाशील का म्हनून?" आणि रतनबाईंनी दुकानात विसरलेल्या कात्रीनं कागद कापायला बसली. पट्ट्या पहिल्या दिवशी वाकड्या आल्या. आता सरळ येतात.

आण्णांना हे दिसत होतं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. ते दुकानात आले, पायरीवर बसले आणि तिचे हात बघू लागले. मग म्हणाले, "बोट कात्रीच्या आत घालू नगंस पोरी." एवढंच. जाताना तिच्या बसायचा हलता पाट उचलून घेऊन गेले. संध्याकाळी त्याला नवा पाय बसवून आणला.

परवा तुझे सासरे तिला माहेरी न्यायला आले. घरी कुणी नाही म्हणून थेट दुकानात. लेक मांडी घालून मोटारीपुढं बसलेली, हाताला व्हार्निश. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ओळखलं, की त्यांनी मला ओळखलं.

"ही ती शेजारची बाई का?" त्यांनी लेकीला विचारलं.

"शेजारच्या कशाच्या, आबा? ह्या माज्या वन्सं. ह्यांच्या सख्ख्या भैनी."

ते आण्णांना शोधायला गेले. पारावर दोघांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. आवाज चढलेला लोकांनी ऐकला. परत आले तेव्हा त्यांनी लेकीला विचारलं, "ह्ये जावयबापूंना चालतं का?" कलानं सांगितलं, "तेबी हेच करत्यात, आबा. तितं बाया भरत्यात, हे बघत्यात." हे तिला राधाकृष्णानं सांगितलं होतं, मी नाही. ते पायरी उतरले. मग म्हणाले, आठ दिवसांनी येतो, आणि एस.टी.ला गेले. ती त्यांच्याबरोबर गेली नाही. तिनं नको म्हटलं का त्यांनी नेलं नाही, हे दोघांनाही नीट सांगता येईल असं वाटत नाही.

ते तुला पत्र पाठवतील. त्याच्या आधी हे पोचावं म्हणून आजच टाकते.

काम फार आहे असं समजू नकोस. रतनबाईंच्या ओळखीनं दोन-चार मळे आले, सहादेवांच्या सांगण्यावरून पलीकडच्या गावांतल्या वस्त्या येतात. पेठेतले अजून नगरलाच जातात. पाटीवर तुझं नाव होतं, ते मी काढलं. दुसरं अजून घातलेलं नाही. रंगारी म्हणाला, बाईचं नाव दुकानावर कसं दिसंल, आधी एकदा इचार करा. मी म्हटलं, तू कर, माझा झाला आहे. तो अजून करतोय.

खोली मिळाल्याचं तू लिहिलंस. कलाला न्यायला ये. ती येईल का, ते मी तिला विचारलेलं नाही आणि आण्णांनाही विचारू दिलं नाही. ते तू विचार. आजवर तू कुणाला काही विचारलं नाहीस, तर सुरुवात बायकोपासून केलेली बरी.

हे पत्र तिच्यासमोरच लिहिते आहे. आत्ता तिला म्हटलं, तुझ्याकडून दोन ओळी घालायच्या का? मान वर न करता म्हणाली, "थांबा वन्सं. एवढी खाच भरू द्या."

भागिरथी